हातचं राखून

“ताई, पोळी लाटताय का? दाबू नका. काचेला तिचं स्वतःचं वजन आहे.”

पत्र्याचं एक जुनं पिंप, हलू नये म्हणून आत वाळूची पोती. वर लाकडी फळी. फळीवर तीन ठोकळ्यांत अडकवलेली सहा इंची जाड काचेची चकती आणि तिच्यावर तशीच दुसरी. दोघींच्या मध्ये ८० नंबरच्या कार्बोरंडमची, म्हणजे काच घासायच्या कडक भुकटीची, चिमूट आणि चमचाभर पाणी. वरची चकती पुढे ढकलायची, मागे ओढायची. पाच-सहा वेळा झालं की ती हातातल्या हातात जराशी फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. पुन्हा तेच. आवाज असा, की रिकामी बादली कुणी खडीवरून फरफटत नेतंय. अर्ध्या तासात माझे खांदे भरून आले. घरी येऊन आईला सगळं सांगितलं तर म्हणाली, “एवढे फेरे वडाला घातले असतेस तर...” आणि पुढचं गिळलं. बँकेतून व्हीआरएस घेतलेली तिची मुलगी रविवारी सकाळी पुण्यातल्या एका हॉलमध्ये जाऊन काच घासते, हे तिला बरेच दिवस पटलं नव्हतं.

दुर्बिणीचा आरसा असा होतो, हे मलाही ठाऊक नव्हतं. मला वाटायचं साचा असेल, यंत्र असेल. साचा नाही आणि यंत्रही नाही. दोन सपाट काचा सगळ्या दिशांनी, कुठलीही एक दिशा लाडकी न करता, घासत राहिलं की वरची खोलगट होते आणि खालची तितकीच फुगीर. वरची पुढे सरकली की तिचा मधला भाग खालचीच्या काठावर येतो, तिथं दाब जास्त पडतो, म्हणून वरचीचं पोट झिजतं आणि खालचीचे काठ. आणि आकार गोलाचाच येतो, कारण कशाही फिरवल्या, कुठेही सरकवल्या तरी एकमेकींना सगळीकडून चिकटून राहतील असे पृष्ठभाग गोलाचेच असतात. माझ्या आरशाचा खड्डा मध्यावर किती खोल? १.२ मिलिमीटर. रुपयाच्या नाण्याच्या जाडीहून कमी. त्याला दोन रविवार गेले.

आम्हाला शिकवणारे काका एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. त्यांची सवय अशी, की विचारलं नाही तरी सांगायचे. कुठल्या नंबरला किती वेळ, पाणी कधी घालायचं, काचेचा आवाज बदलला की काय समजायचं, सगळं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलेलं. एकदा मी म्हटलं, “काका, तुम्ही काहीच हातचं राखत नाही.” तर हसून म्हणाले, “आम्ही शिकाऊ होतो ना, तेव्हा मशीनचं सेटिंग लावताना मिस्त्री आमच्याकडे पाठ करायचे. पाठ बघून बघून शिकलो. पाठीवरून काय कळतं हो?”

त्या वाक्यानं मला नाद लावला. रविवारी घासायचं आणि आठवडाभर रात्री, आपल्याआधी ज्यांनी घासलं त्यांच्याबद्दल वाचायचं. आणि वाचत गेले तसं दिसायला लागलं, की दुर्बिणीच्या इतिहासात पाठ करून उभे राहिलेले मिस्त्री पुष्कळ आहेत.

सुरुवातच बघा. १६०८ च्या ऑक्टोबरमध्ये मिडलबर्गचा चष्मेवाला हान्स लिपरशे हेगला सरकारदरबारी गेला. लांबचं जवळ दाखवणारी नळी केली आहे, ३० वर्षांचं पेटंट द्या म्हणाला. काही दिवसांतच अल्कमारचा याकोब मेटियस तसाच अर्ज घेऊन हजर झाला. सरकारनं पेटंट नाकारलं, कारण ज्याची नक्कल कुणीही दोन भिंगं हातात घेऊन करू शकतो, त्याचं गुपित राखायचं कसं? लिपरशेकडून दोन्ही डोळ्यांनी पाहायच्या तीन दुर्बिणी मात्र ९०० गिल्डरला करून घेतल्या. म्हणजे दुर्बीण जगात आली तीच मुळी फुटलेलं गुपित म्हणून.

गॅलिलिओनं मग तेच गुपित पुन्हा शिवून घेतलं. त्याची एक वाण्याची यादी शिल्लक आहे. १६०९ च्या नोव्हेंबरात आलेल्या एका पत्राच्या पाठीमागे लिहिलेली. तीत मसूर, चणे, तांदूळ, बेदाणे, साखर, मिरी, लवंग, दालचिनी आहे. मुलासाठी सपाता आणि टोपी आहे. आणि त्याच ओळींत तोफेचे दोन गोळे, ऑर्गनची कथलाची नळी, जर्मन सपाट काचा, राळ, घासायला फेल्ट. तोफेचे गोळे अर्थातच भिंग घासायला. घरचं सामान आणि आकाशाचं सामान एकाच कागदावर असलेली ही यादी मी आईला वाचून दाखवली. तिनं एवढंच विचारलं, “हिंग नाही?”

याच गॅलिलिओनं आपल्या चांगल्या दुर्बिणी राजेरजवाड्यांना भेट पाठवल्या. खगोलज्ञ केप्लरनं त्याच्या शोधांची जाहीर पाठराखण केली, एक दुर्बीण मिळावी अशी इच्छा व्यक्त केली. त्याला काही मिळाली नाही. शेवटी कलोनच्या इलेक्टरला, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याला, गॅलिलिओनं पाठवलेली दुर्बीण केप्लरनं १६१० च्या उन्हाळ्याअखेर थोड्या दिवसांसाठी उसनी घेतली आणि गुरूचे चंद्र आपल्या डोळ्यांनी पाहिले. ज्याला सगळ्यात जास्त कळलं असतं त्यालाच हातचं राखलं! पण गॅलिलिओला पगार वाढवून हवा होता, आणि पगार केप्लर देणार नव्हता. इथं मी त्याला फार बोल लावत नाही.

गुपिताची खरी गोष्ट मात्र पुढच्या शतकातली, लंडनमधली. ती मी इतक्या जणांना सांगितली आहे की काका आता माझ्याआधीच शेवट सांगून टाकतात.

त्या काळच्या भिंगांच्या दुर्बिणींना एक खोड होती. काच प्रत्येक रंगाला वेगवेगळं वाकवते, म्हणून चंद्राच्या कडेला जांभळी-हिरवी झालर यायची. उपाय एकच सापडलेला: भिंग अगदी उथळ करायचं, म्हणजे दुर्बीण लांब होते आणि झालर कमी जाणवते. या लांबीचं पुढे वेडच झालं. डान्झिगच्या हेवेलियसची दुर्बीण दीडशे फूट लांब होती. डोलकाठीला दोरखंडांनी टांगलेली, वारा आला की झोके खाणारी. न्यूटननं विचार केला आणि निकाल दिला, की भिंगातला हा रंगदोष जाणारच नाही. म्हणून त्यानं भिंगच टाकलं आणि १६६८ साली धातूचा आरसा लावून वीतभर लांबीची दुर्बीण केली. म्हातारपणी कुणी विचारलं, ही कुणी केली? मी. आणि हत्यारं कुणी केली? तीही मीच, दुसरे हत्यारं करून देतील म्हणून थांबलो असतो तर काहीच झालं नसतं, असं तो हसत म्हणाला. आमच्या काकांचा तो आवडता माणूस.

न्यूटननं जाणार नाही म्हटलं, म्हणजे संपलं. पन्नास-साठ वर्षं कुणी त्या वाटेला गेलं नाही. आणि गेला तो कोण? एसेक्सचा एक खाऊन-पिऊन सुखी वकील, चेस्टर मूर हॉल. त्याचा तर्क असा, की माणसाच्या डोळ्यात वेगवेगळी पारदर्शक द्रव्यं एकापुढे एक आहेत, आणि डोळ्याला तर रंगीत झालर दिसत नाही. मग दोन वेगळ्या जातींच्या काचा जोडल्या तर? गंमत म्हणजे तर्क चुकीचा आहे. डोळ्यातही रंगदोष असतो, आपल्याला तो जाणवत नाही इतकंच. पण चुकीच्या वाटेनं माणूस बरोबर गावाला पोचला. साध्या क्राउन काचेचं फुगीर भिंग आणि शिसं घातलेल्या फ्लिंट काचेचं खोलगट भिंग. फ्लिंट रंग जास्त पसरवते. तिचं उलट्या आकाराचं भिंग मागे लावलं की पहिल्यानं पसरवलेले रंग दुसरं गोळा करतं, आणि तरीही किरण एका ठिकाणी यायचे ते येतातच.

हॉलला हे १७३३ च्या सुमारास करून बघायचं होतं, पण कुणाला कळू द्यायचं नव्हतं. वकिलाचं डोकं! त्यानं फुगीर भिंगाचं काम एका चष्मेवाल्याला दिलं आणि खोलगट भिंगाचं दुसऱ्याला. एक एडवर्ड स्कार्लेट, दुसरा जेम्स मान. दोन दुकानं, दोन पावत्या. डाव्या हाताचं उजव्याला कळणार नाही असा चोख बंदोबस्त.

झालं असं, की दोघेही कामाच्या गर्दीत होते. दोघांनीही ते काम बाहेर दिलं. आणि दोघांनीही दिलं ते एकाच कारागिराला, जॉर्ज बासला.

बासच्या बाकावर दोन भिंगं आली. दोन दुकानांतून, पण गिऱ्हाईक एकच. व्यास एकच. एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खळग्यात चपखल बसतोय. तुम्ही आयुष्यभर काच घासलेली असेल तर हातात असं काही आल्यावर काय कराल? जोडून खिडकीतून बघाल. बासनंही तेच केलं असणार. झालर नाही.

पुढे हॉलनं काय केलं? जवळजवळ काहीच नाही. थोड्या दुर्बिणी करवून घेतल्या, पेटंट घेतलं नाही, काही छापलं नाही. बासनं गोष्ट बोलण्याच्या ओघात कधीमधी सांगितली. अशीच ती १७५० च्या दशकात जॉन डॉलंडच्या कानावर गेली. डॉलंड म्हणजे स्पिटलफील्ड्सचा रेशीम विणणारा; धर्मासाठी फ्रान्स सोडून आलेल्या ह्युगनॉ कुटुंबातला. दिवसा माग चालवायचा आणि रात्री गणित शिकायचा. मुलगा पीटर चष्म्याच्या धंद्यात पडला आणि बापही माग सोडून त्याच्या दुकानात आला. डॉलंड आधी न्यूटनच्या बाजूचा. गणिती ऑयलर रंगदोष जाऊ शकतो म्हणाला तेव्हा यानं त्याच्याशी वाद घातला होता. मग स्वतः प्रयोग केले, मत बदललं, १७५८ साली पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदकही मिळवलं. १७६१ साली तो गेला. पीटरनं मात्र पेटंट काठीसारखं वापरलं. जो चष्मेवाला अशी दुर्बीण करील त्याच्यावर दावा. लंडनच्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन तक्रार केली, की ही युक्ती तर हॉलची, आमच्यातले काही जण आधीपासून जाणतात. १७६६ साली चॅम्पनीज नावाच्या कारागिराविरुद्धच्या खटल्यात निकाल डॉलंडच्या बाजूनं लागला. त्यामागचा विचार असा, की शोध लावून जो मेजाच्या खणात कुलूप लावून ठेवतो त्याचा फायद्यावर हक्क नाही. जो तो लोकांपुढे आणतो त्याचा आहे.

मला निकाल पटतो, आणि तरी घशाखाली उतरत नाही. लोकांपुढे आणला म्हणजे कसा, तर आणल्याबरोबर बाकीच्यांना करायची बंदी! आणखी एक मिरची यात आहे. जेसी रॅम्सडन हा त्या काळचा मोठा उपकरणकार डॉलंडचा जावई झाला. लग्नात त्याला पेटंटमधला वाटा मिळाला असं सांगतात. याच रॅम्सडननं १७८९ साली रॉयल सोसायटीपुढे लिहून दिलं, की शोधाचं श्रेय हॉलचं. सासरचं खाऊन साक्ष माहेरची, असं आईचं म्हणणं. हॉलचं, डॉलंडचं, रॅम्सडनचं सगळं झालं. बासचं काय? त्याच्या नावावर ना पेटंट, ना पदक, ना खटला. पण रंगदोष नसलेल्या भिंगाची जोडी पहिल्यांदा हातात धरली ती त्यानंच. घासली पण त्यानंच.

त्याच लंडनमध्ये जेम्स शॉर्ट होता. एडिंबरात शिकलेला, धर्मोपदेशक व्हायचा तो आरसे करणारा झाला. हजाराहून अधिक दुर्बिणी विकल्या, आणि त्याच्या आरशांच्या तोडीचं पॉलिश दुसऱ्या कुणाला जमत नसे. १७६८ साली मरण्याआधी त्यानं आपली हत्यारं नष्ट करवली, अशी आख्यायिका आहे. लोक हे कृपणपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला तसा राग येत नाही. कारण पॉलिशला बसल्यावर मला कळलं, की हत्यार हातात देऊनही ते कुणाला ‘देता’ येत नाही.

पॉलिशच्या आधी माझी एक फजिती झाली, ती सांगते. १२० नंबर संपवून २२० ला जायचं होतं. नंबर मोठा तितकी भुकटी बारीक. नंबर बदलताना सगळं धुवायचं असतं: काचा, फळी, हात, नखं. मी सगळं धुतलं, ओढणी सोडून. आधीच्या नंबराचा एक कण ओढणीच्या शेवात अडकून बसलेला असणार. तासाभरानं आरशावर एक लांब चकचकीत ओरखडा, सरळ रेषेत. काकांनी काच दिव्यापुढे धरली, माझ्याकडे बघितलं, ओढणीकडे बघितलं. “मागच्या नंबरावर जा,” एवढंच म्हणाले. पूर्ण रविवार वाया. त्यानंतर मी जुना सदरा घालून जायला लागले.

त्याच रात्री हर्शेलच्या घरातली लेसची झालर वाचनात आली, म्हणून बहुधा ती कायमची डोक्यात राहिली. विल्यम हर्शेल, हॅनोव्हरहून इंग्लंडला आलेला वादक, बाथमध्ये चर्चचा ऑर्गन वाजवायचा, शिकवण्या घ्यायचा. १७७३ च्या सुमारास त्यानं एका कंटाळलेल्या हौशी माणसाकडून आरसे घासायचं सामान विकत घेतलं, अर्धवट घासलेल्या आरशांसकट. मग घर गेलंच. बहीण कॅरोलिननं लिहून ठेवलंय, की बैठकीच्या चांगल्या खोलीत सुतार नळी ठोकायला बसला, निजायच्या खोलीत भाऊ अलेक्झांडरनं चरक उभारला. मैफिलीच्या मधल्या वेळात कपडे न बदलताच विल्यम आरशापाशी जायचा, आणि बाहीच्या लेसच्या झालरी फाटायच्या नाहीतर वितळलेल्या डांबरानं बरबटायच्या. त्या धुणार कोण, हे कॅरोलिननं लिहिलेलं नाही. लिहायची गरज नव्हती.

पॉलिश मध्येच थांबवता येत नाही. पिच म्हणजे डांबरासारखा काळा थर, तो थंड झाला की आकार बदलतो. तेव्हाचे आरसे काचेचे नव्हते, तांबं आणि कथलाच्या ठिसूळ मिश्रधातूचे. सात फुटी दुर्बिणीच्या एका आरशावरून विल्यमनं सोळा तास हात उचलला नाही. कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवत बसली, आणि कंटाळू नये म्हणून गोष्टी वाचून दाखवत होती. ती बाथला आली होती गायिका व्हायला. गातही चांगली होती, आणि शेवटी काय केलं, तर घोड्याची लीद खलात कुटून चाळणीनं चाळली. आरशाचा साचा लिदीचा होता, आणि ती मैद्यासारखी बारीक लागायची.

१७८१ च्या मार्चमध्ये त्या घराच्या परसातून, सव्वासहा इंची आरशानं, युरेनस सापडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीन फुटी आरसा ओतायचा घाट घातला, तळघराच्या पातळीवरच्या खोलीत. भट्टी गळली. वितळलेला धातू दगडी फरशीवर पसरला आणि फरशा तडतडून छतापर्यंत उडाल्या. मालक, भाऊ, ओतारी सगळे दोन दारांनी पळाले. विल्यम विटांच्या ढिगावर दमून कोसळला.

पुढे राजाकडून मानधन मिळालं, स्लाऊला चाळीस फुटी दुर्बीण उभी राहिली. तिच्या नळीतून राजा तिसरा जॉर्ज कँटरबरीच्या आर्चबिशपना हात धरून घेऊन गेला: या बिशप महाराज, स्वर्गाचा रस्ता दाखवतो. कॅरोलिनलाही १७८७ पासून वर्षाला ५० पौंड पगार झाला, आणि तिनं स्वतः आठ धूमकेतू शोधले. पण माझ्या मुद्द्याची गोष्ट पुढची आहे. हर्शेल दुर्बिणी विकून पैसे मिळवत होता. आरसे कसे करतो ते त्यानं छापलं नाही. म्हणून आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस सहा फुटी आरसा करायला बसला तेव्हा त्याला सगळं पहिल्यापासून शोधावं लागलं. मिश्रण, भट्टी, तडे, सगळं. रॉस जमीनदार, त्याला विकायचं काही नव्हतं. त्यानं एकेक पायरी प्रसिद्ध करून टाकली. १८४५ साली त्या आरशात त्याला एका तेजोमेघाचा भोवरा दिसला.

मात्र धातूच्या आरशाचं मूळ दुखणं राहिलंच. तो काळा पडतो. काळा पडला की पुन्हा पॉलिश, आणि पॉलिश म्हणजे पुन्हा आकार देणं. डब्लिनच्या ग्रबनं मेलबर्नसाठी चार फुटी आरशाची दुर्बीण केली. १८६८ मध्ये आरसे जहाजानं गेले, गंजू नयेत म्हणून लाखेचा लेप देऊन. लेप काढताना आरसाच बिघडला. आरसा ऑस्ट्रेलियात आणि हात डब्लिनमध्ये! त्या दुर्बिणीचे फार हाल झाले.

पुण्याचा याच ग्रबशी संबंध आहे. आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो त्या कॉलेजात प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली. महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा, १८८८. तिथली वीस इंची ग्रब दुर्बीण त्या वेळी देशातली सर्वांत मोठी होती. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. मी त्या रस्त्यानं हजारदा गेले असेन, कॉर्पोरेशनला जाणारी बस धरायला.

मेलबर्नचं दुखणं बरं करणारा उपाय तोवर निघालाही होता. काचेच्या आरशावर चांदीचा पातळ मुलामा. १८५६-५७ मध्ये जर्मनीत श्टाइनहाइल आणि पॅरिसमध्ये लेओं फुको, दोघांनी वेगवेगळा केला. चांदी काळी पडली की ॲसिडनं धुवायची, पुन्हा चढवायची. खालच्या काचेचा आकार जशाचा तसा. पण फुकोचं खरं देणं दुसरंच, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

खोलीत अंधार. आरसा एका टोकाला उभा केलेला, त्यापासून २.४ मीटरवर, म्हणजे त्याच्या वक्रतेच्या केंद्रापाशी, बारीक फटीमागे दिवा. परत आलेला प्रकाश जिथं एका बिंदूत जमतो तिथं दाढीचं पातं हळूहळू आडवं सरकवायचं आणि पात्याला डोळा लावून आरशाकडे बघायचं. गोल चकतीवर छाया उमटतात. एखाद्या मैदानावर संध्याकाळचं तिरपं ऊन पडावं तसे खड्डे आणि टेकड्या दिसायला लागतात. काका म्हणाले, “आता अंगठा ठेवा काचेवर. अर्धा मिनिट. काढा. आता बघा.” आरशाच्या मध्यभागी एक टेंगूळ उठलं होतं. माझ्या अंगठ्याच्या उबेनं काच फुगलेली! ते टेंगूळ माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू बसत गेलं. मी तीनदा करून पाहिलं. काकांनी काही म्हटलं नाही. त्यांनी सगळ्यांना तीनदा करताना पाहिलं असावं.

गोलाचा आरसा आणि ताऱ्याचे किरण नेमके एका बिंदूत आणणारा, हवा तो पॅराबोलाचा आरसा यांत माझ्या काचेपुरता फरक ०.३ मायक्रॉनचा. केस ७० मायक्रॉनचा धरला तर त्याच्या दोनशेव्या हिश्शाहूनही थोडा कमी. एवढं शॉर्ट आणि हर्शेल ताऱ्याकडे बघून, हाताच्या अंदाजानं ओळखायचे; ते त्यांच्यासोबत गेलं. फुकोनं एका पात्यानं ते कुणालाही दिसेल असं केलं, आणि रीत १८५८-५९ मध्ये जाहीर लिहून टाकली. पेटंट नाही, कुलूप नाही. माझ्या आरशाचा काठ किंचित ढळलेला आहे, तेही त्यातच दिसलं. काठावर काळ्या कागदाची कडी लावून मी तो झाकला आहे.

एकच गुपित मला मनापासून आवडलं. जॉन डॉब्सन, जन्म १९१५, पेकिंगमधला. १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात रामकृष्ण संप्रदायाचा ब्रह्मचारी झाला. मठात हाताशी पैसे नाहीत, म्हणून जहाजाच्या गोल खिडकीच्या जाड काचेचा आरसा घासला. पाहिलं आणि वाटलं, हे सगळ्यांनी बघायला हवं. मग रात्री दुर्बीण ढकलत मठाबाहेर, लोकांच्या दारात. मठाला हे मंजूर नव्हतं, म्हणून पत्रांत सांकेतिक भाषा. दुर्बीण म्हणजे ‘जिरेनियम’. कुंडीत लावलेलं जिरेनियम म्हणजे नळी आणि बैठकीसकट तयार दुर्बीण. फुललेलं जिरेनियम म्हणजे आरशाला मुलामा चढला. १९६७ मध्ये त्याला मठातून काढलं. तो फुटपाथवर उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शनी दाखवायला लागला. प्लायवुड आणि पुठ्ठ्याच्या नळीची त्याची साधी बैठक आज जगभर त्याच्या नावानं ओळखली जाते. त्यानं तिच्यावर पैसा केला नाही. माझी दुर्बीणही त्याच बैठकीवर आहे. प्लाय कोपऱ्यावरच्या सुतारानं कापून दिला, आणि हे कसलं कपाट म्हणून दोनदा विचारलं.

आरसा झाला की मागे एक वस्तू उरते. खालची चकती, ती फुगीर झालेली. आरशाच्या नेमकी उलट, तितक्याच नजाकतीची. तिला मुलामा चढत नाही, ती कुठल्या नळीत बसत नाही. पिच खरवडून, टर्पेंटाइननं पुसून मी ती घरी आणली आणि खिडकीत ठेवली. चार दिवसांनी दिसेना. मे महिना होता. आईनं ती लिंबानं आणि राखेनं घासून, उन्हात वाळवून, लोणच्याच्या बरणीवर, दादऱ्याच्या वर दडपण म्हणून ठेवली होती. “बरोब्बर बसते,” म्हणाली.

आईच्या कैरीच्या लोणच्याची कृती अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. परवा दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सूनबाई वही घेऊन आल्या. आईनं मोहरीच्या डाळीपासून सुरुवात केली, मेथी किती तळायची, तेल कडकडीत करून पूर्ण गार कसं करायचं, हिंग कुठं घालायचा, सगळं नीट, सावकाश, लिहून होईपर्यंत थांबत सांगितलं. सूनबाईंनी वही मिटली. “एवढंच ना, काकू?”

“एवढंच गं,” आई म्हणाली, आणि बरणीवरची चकती जराशी फिरवून ठेवली.

एक जिन्नस राहिला होता. मी गप्प बसले.